हारसन कुंडाची तिसरी हाक

सुमंत मोघ्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती. रिक्षा हवी असली की ते रिक्षापर्यंत चालत जात, आणि तिथवर पोचल्यावर, आता एवढं चाललोच आहोत तर घर काही लांब नाही, असं मनाशी म्हणून पुढे चालू लागत. शाळेत हजेरीला ते 'हजर' म्हणत, पण इतकं हळू की गुरुजींना ऐकूच जात नसे. चौथीचं अख्खं पहिलं सत्र ते पहिल्या बाकावर बसून गैरहजर होते. वडिलांना शाळेतून बोलावणं आलं तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं, "मग शाळेच्या नावाखाली जातोस कुठं?" सुमंतनं मान खाली घालून मार खाल्ला. खरं सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

पुढे त्यांनी जमिनीच्या दप्तरखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली. तिथं सगळं काम जुन्या कागदांशी, आणि जुने कागद उलट बोलत नाहीत. गॅसचं सिलिंडर, अनोळखी नंबरचा फोन, 'जरा बसा, साहेब बोलावतील' हे वाक्य आणि कुठल्याही कागदावरचा 'व्यक्तिशः' हा शब्द, एवढ्या गोष्टींना ते घाबरत. मांजरालाही घाबरत, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अशा माणसाच्या आवाजाला एक अख्खं गाव चार दिवस टरकून होतं हे सांगितलं तर खोटं वाटेल, पण नांदरपेठेत ज्यानं त्यानं ते आपल्या कानांनी ऐकलं आहे.

नांदरपेठ हे सातारा जिल्ह्याचं शेवटचं आणि सांगली जिल्ह्याचं पहिलं गाव. कचेरी साताऱ्याची, बाजार सांगलीचा, आणि दोन्हीकडची माणसं 'ते तिकडचं आहे' असं म्हणून मोकळी होतात. गावाच्या मधोमध चौक आहे, चौकात काळ्या दगडाचं, दोन पुरुष उंचीचं एक पाण्याचं कुंड आहे. चारी अंगांना सिंहाची तोंडं, खाली घोड्यांना पाणी प्यायला दगडी पन्हाळ. त्यावर संगमरवरी पाटी : हे कुंड कॅप्टन हॅरिसन यांनी १८७७ साली बांधिले. हॅरिसनचं गावानं केव्हाच हारसन केलं. चौकाला गेल्या पन्नास वर्षांत तीन थोर पुरुषांची नावं देऊन झाली, तीनदा नारळ फुटले, पण रिक्षावाल्याला विचाराल तर तो 'हारसनला सोडतो' असंच म्हणेल. कुंडाचं पाणी आटून चाळीस वर्षं झाली. सिंहाच्या तोंडात चिमण्या राहतात.

मे महिन्यात सांगलीहून मोघ्यांची भाची मयूरी आली. ती पुण्याच्या एका कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचा परीक्षेचा प्रकल्प ह्या कुंडावर होता.

"म्हणजे तू त्याला रंग देणार?" पद्मामामींनी जेवताना विचारलं.

"नाही मामी. ध्वनिकला. आवाजाची कला असते ती."

"म्हणजे ऑर्केस्ट्रा?"

"नाही."

"भजन?"

"नाही. नावं पुकारायची, आणि मग शांतता. खरं काम शांततेचंच आहे."

पद्मामामींनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि ताटात आणखी भात वाढला. पोरगी उपाशी राहिली की असं बोलते, अशी त्यांची समजूत होती.

मयूरीनं मग कागद काढले. पुण्याच्या दप्तरात तिला त्या कुंडाचं हजेरीपुस्तक सापडलं होतं. सत्त्याहत्तरच्या मोठ्या दुष्काळात सरकारनं दुष्काळी काम काढलं, त्यात हे कुंड उभं राहिलं. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी मूठभर धान्य घ्यायचं. दोनशे बारा बाया-पुरुष होते. त्यांतलं एकही नाव कुंडावर नाही. घोड्यावर बसून पाहणाऱ्याचं मात्र संगमरवरात आहे.

"ह्या दोनशे बारा लोकांची हजेरी त्या सिंहांच्या तोंडातून घ्यायची," मयूरी म्हणाली. "कुणी जवळून गेलं की एक नाव. पण मामा, हे मोडीत आहे. मला वाचता येत नाही."

मोडी वाचणारा गावात एकच माणूस उरला होता, आणि तो ह्या क्षणी ताकाच्या वाटीआड लपायचा प्रयत्न करत होता.

असा मोघ्यांचा घात झाला. कागद जुना, अक्षर सुरेख. ते वाचायला लागले आणि भान विसरले. जोतिबा. रखमा. आकाराम. अंजना, सोबत तान्हं मूल. मयूरी म्हणाली, मामा, तुमचा आवाज फार छान लागतोय, तुम्हीच वाचा. ते म्हणाले, एका अटीवर, माझं नाव कुठं यायला नको.

"मामा, दोनशे बारा माणसांची नावं यावीत म्हणून हे चाललंय, आणि तुम्ही म्हणता तुमचं येऊ नये?"

"मी खडी फोडलेली नाही," मोघे म्हणाले, आणि मयूरीनं शब्द दिला.

रेकॉर्डिंग गाद्यांच्या खोलीत, डोक्यावर गोधडी घेऊन झालं. गोधडीच्या आत मोघ्यांना कुणी पाहत नव्हतं. चौतीस वर्षं ज्या साहेबांच्या पुढे ते उभे राहिले, त्या सगळ्या साहेबांचा मिळून एक आवाज त्यांच्या पोटातून निघाला. मयूरीचं म्हणणं होतं की प्रत्येक नाव तीनदा पुकारावं. इथं मोघ्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, हट्ट धरला. त्यांच्या कचेरीत हजेरी दोनदा पुकारत आणि मग लाल शाईनं फुली मारत. "तिसऱ्यांदा सरकार कुणाला बोलावत नाही," ते म्हणाले. शिवाय बाराही महिने त्यांचा घसा धरलेला असे. म्हणून प्रत्येक नाव दोनदा, आणि त्यापुढे अकरा सेकंद शांतता. एवढ्याशा काटकसरीनं पुढचं सगळं रामायण घडलं.

आधी परवानगी. कुंड कुणाच्या ताब्यात आहे हे पालिकेत कुणालाच माहीत नव्हतं. पाणी विभाग म्हणाला, पाणी नाही तर आमचं नाही. उद्यान विभाग म्हणाला, झाड नाही तर आमचं नाही. बांधकाम विभाग म्हणाला, आम्ही बांधलेलं नाही, बांधणाऱ्याचं नाव पाटीवर आहे, त्यांना विचारा. शेवटी जयराज नावाच्या तरुण कारकुनानं ध्वनिक्षेपकाचा छापील अर्ज काढला. त्यात चार रकाने होते : गणपती, लग्न, प्रचार, इतर. मोघ्यांनी 'इतर'पुढे लहान अक्षरात 'हजेरी' असं लिहिलं.

"हमीपत्र लागंल," जयराज म्हणाला. "सही मोठ्या माणसाची."

हमीपत्रात लिहिलं होतं : सदर आवाजामुळे काही अनुचित प्रकार घडल्यास त्यास मी व्यक्तिशः जबाबदार राहीन. मोघ्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पण भाची शेजारी उभी होती. त्यांनी मुंगीच्या पायाएवढी सही केली. जयराजनं ती उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा करायला लावली.

मंगळवारी सकाळी चार सिंहांच्या तोंडात चार स्पीकर बसले. वायर समोरच्या बाळासोच्या चहाच्या दुकानातून घेतली. पुण्याच्या परीक्षक बाई शनिवारी अकराला येणार होत्या, तोवर काम चालू राहायला हवं होतं. एरवी मोघ्यांचा जो आवाज स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत पोचत नसे, तो त्या पोकळ दगडात शिरला आणि विहिरीतून आल्यासारखा घुमून बाहेर पडला.

"जोतिबा…" सिंह म्हणाला. "जोतिबा…"

त्यापुढे काहीच नाही. चिमण्या उडून गेल्या. पाववाल्याची सायकल पडली. मोघे मागच्या मागे घरी गेले आणि कडी लावून बसले.

संध्याकाळपर्यंत निम्म्या गावानं आपलं नाव ऐकलं होतं. त्याला इलाज नव्हता. आमच्या भागात आज्या-पणज्यांची नावं पुन्हा पुन्हा ठेवतात, त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीची हजेरी आजही तशीच लागू पडते. भाजी घ्यायला निघालेल्या एका अंजनाबाई पिशवी टाकून पळाल्या. बुधवारी चौकात माणूस उभं राहीना, सगळे मागच्या बोळानं जाऊ लागले. कुणीतरी पन्हाळीत लिंबं ठेवून गेलं.

मोघ्यांना वाटलं, आपण समजावून सांगावं. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी सांगावं आणि आपण शेजारी उभं राहावं. ते बाळासोच्या दुकानात गेले आणि हळूच म्हणाले, "अहो, स्पीकर आहे तो."

"काय म्हनला?"

"स्पीकर."

"आवं मोघेसाहेब, स्पीकर हाय ते म्या डोळ्यानं बगितलंय. वायर माज्याच दुकानातनं गेलीया. परश्न त्यो न्हाईच. त्यात बोलतंय कोण?" बाळासोनं आवाज खाली आणला. "असला आवाज गावात कुनाचा हाय, सांगा बरं. न्हाई. भाचीला तुमच्या इचारलं, तर ती म्हनती मी सांगू शकत न्हाई. का सांगू शकत न्हाई? लोक म्हनत्यात, त्या जुन्या कागदातनंच पोरीनं आवाज उतरवून आनलाय."

"तसं करता येत नाही हो."

"आनि दुसरं. दोनदाच हाक मारतंय." बाळासोनं दोन बोटं वर केली. "हितंच सगळी मेख हाय. मानूस तीनदा हाक मारतो. ते दुसरं जे असतंय, ते दोनदाच मारतं, तिसरी त्याला जमत न्हाई. म्हनून तर आई सांगायची, तिसरी हाक आल्याबिगर ओ देऊ नगंस. दोन हाकंवर ज्यानं ओ दिली, त्यो गेला."

मोघ्यांचा चहा बशीत सांडला. हे त्यांनाही लहानपणी सांगितलेलं होतं. पण लहानपणापासून त्यांना हाक मारणारेच थोडे, त्यामुळे नियम कधी वापरावा लागला नव्हता. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बाळासो त्या आवाजाचं वर्णन करत असताना, 'काय जरब, काय खर्ज, अंगावर काटा येतोय बगा' असं म्हणत असताना, घाबरलेल्या मोघ्यांच्या पोटात कुठंतरी बरं वाटलं. त्यांनी स्वतःला चिमटा काढला आणि घरी आले.

घरी राजेश्वरी आली होती. ती शेजारच्या आकाराम सुभेदारांची सून. सुभेदारांनी फौजेत तीन हिवाळे बर्फात काढले होते, दंडात गोळी घेतली होती, आणि बहात्तराव्या वर्षीही ते रोज पहाटे साडेपाचला काठी आपटत चौकापर्यंत जाऊन येत. राजेश्वरीचे डोळे सुजले होते.

"मामंजी पाटेला गेल्ते फिराय," ती पद्मामामींना सांगत होती. "हारसनपाशी आलं आनि ते बोललं, आकाराम, आकाराम. फौजेची सवय हो काकू. टाच आपटली आनि 'जी साब' म्हनून मोकळं झालं. मागं वळून बगत्यात तर कोन न्हाई. तिसरी हाक आलीच न्हाई. घरी आलं, आंतरुनावर पडलं, म्हनलं, राजेश्वरी, दोन हाकंवर ओ दिली गं म्या, आता जायाला लागतंय. सकाळपासनं पानी घेतलं न्हाई."

"डॉक्टर?" मामींनी विचारलं.

"आलं हुतं. म्हनलं समदं ठीक हाय, फकस्त भ्यालेत. मामंजींना तर ह्येचंच जास्त लागलं. भ्यालो म्हनतोय, म्हनलं, मला!"

ती गेली. पद्मामामी नवऱ्याकडे पाहत होत्या. मोघे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि ती नेहमीची भीती नव्हती. आपल्या घशातून निघालेल्या चार अक्षरांनी पलीकडच्या घरात एक माणूस मरायला टेकला आहे, ही ती भीती होती.

"मी जाऊन सांगते त्यांना," मयूरी म्हणाली. "रेकॉर्डिंग आहे म्हणून."

ती गेली आणि परत आली. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "पोरी, मशीन हाय ते मला कळतंय. मशीनला माजं नाव कुनी सांगितलं?" ह्यावर तिच्या कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं.

"मग आता एकच," मामी म्हणाल्या. "ज्यानं दोन हाका मारल्या त्यानंच तिसरी मारायची. त्याच आवाजात. अहो, जा आणि मारा. 'आकाराम' म्हणायचं. चार तर अक्षरं."

"त्यांना अहोजाहो करतो मी. एकेरी हाक कशी मारू?"

"दोनदा मारलीत तेव्हा?"

मोघे गेले. सुभेदारांच्या दारात उभे राहिले. खिडकीतून पांघरूण दिसत होतं, त्याखाली तो एवढा धिप्पाड माणूस लाकडासारखा पडला होता. मोघ्यांनी छातीत श्वास भरला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात राजेश्वरी बाहेर आली.

"काय हो काका?"

"जरा साखर हवी होती," मोघे म्हणाले.

गुरुवारी सकाळी ते पुन्हा गेले आणि पुन्हा साखर घेऊन आले. मामींनी दोन्ही वाट्या फळीवर एकीशेजारी एक ठेवल्या. दुपारी मयूरीनं तिसरी हाक रेकॉर्ड करायचं ठरवलं. गाद्यांची खोली तीच, गोधडी तीच, पण आवाज काही येईना. 'आकाराम' म्हणता म्हणता मोघ्यांच्या तोंडून कोंबडीच्या पिल्लासारखं काहीतरी निघे. त्यांनी मध घेतला, लवंग चघळली, मिठाच्या गुळण्या केल्या.

"मामा, पहिल्या दोन हाका साहेबाच्या होत्या," मयूरी गोधडी दुमडत म्हणाली. "तिसरी तुमची आहे, म्हणून अवघड जातेय."

"तिच्या कॉलेजात असंच बोलतात," मामींनी नवऱ्याला समजावलं. पण मोघ्यांना ते लागायचं तिथं लागलं.

शुक्रवारी जयराज घरी आला. त्यानं कुंडाला एक नोटीस चिकटवली होती आणि तिची प्रत मोघ्यांसाठी आणली होती. सदरहू आवाजाच्या मालकाने शनिवारी सकाळी दहा वाजता कुंडापाशी समक्ष हजर राहून आपला आवाज ओळखावा, अन्यथा आवाज बेवारस समजून उतरवण्यात येईल.

"बेवारस आवाज?" मोघे पुटपुटले.

"बेवारस वाहनाचा छापील नमुना हुता, त्यातच बसवलं," जयराज म्हणाला. "मोघेसाहेब, हमीपत्र तुमचं हाय. आवाजाचा मालक कोन ते तुमाला ठावं असनार. उभा करा त्याला. न्हाईतर भाचीबाईंचं काम उतरवायला लागंल, आनि सुभेदारांचं काय कमीजास्त झालं तर…" त्यानं हमीपत्रातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. तो शब्द कुठला होता हे सांगायची गरज नाही.

त्या रात्री मोघे झोपले नाहीत, एवढंच सांगतो. भीती मोजायचं माप असतं तर त्यांच्यापुरतं ते अपुरं पडलं असतं. उभं राहून 'मी तो' म्हणावं, तर गाव म्हणणार, मोघ्यानं सुभेदार मारला. न म्हणावं, तर भाचीचं वर्ष बुडणार, दोनशे बारा माणसं पुन्हा त्या दप्तरात जाऊन पडणार, आणि सुभेदार मरणार ते मरणारच.

शनिवारी दहा वाजता चौक भरला होता, पण कुंडापासून पंचवीस पावलं लांब. पालिकेचे दोन गडी शिडी घेऊन उभे होते, मात्र शिडी लावायला कुणी पुढे होत नव्हतं. परीक्षक बाई ठरल्या वेळेआधीच आल्या होत्या आणि एवढी गर्दी पाहून वहीत भराभरा लिहीत होत्या. मयूरीचा चेहरा कागदासारखा झाला होता. पद्मामामी दोन्ही वाट्यांतली साखर परत करायला म्हणून निघाल्या होत्या, त्या वाट्या हातात घेऊनच उभ्या होत्या.

तेवढ्यात बोळातून राजेश्वरी आणि दोघं शेजारी सुभेदारांना खुर्चीत बसवून घेऊन आले. तीन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. पण अंगात फौजेचा कोट होता आणि त्यावर पदकं होती.

"आवं सुभेदार, कशापायी आला?" बाळासो कळवळून म्हणाला.

"जायाचंच हाय तर कोन नेतंय ते बगून जातो," सुभेदार म्हणाले. "आंतरुनात पडून न्हाई जायाचा मी. म्होरं घ्या खुर्ची."

खुर्ची पुढे गेली. सिंहाला माणसाची चाहूल लागली. कुठलं नाव निघेल ते मशीनचं मशीनच ठरवत असे. चार दिवसांत सिंहांनी अनेक नावं घेतली होती, त्यामुळे आता कुणाचं येईल हे मयूरीलाही सांगता आलं नसतं. सुभेदारांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अंजना…" सिंह म्हणाला. "अंजना…"

अकरा सेकंद गेले. कुठंतरी एक बाई हुंदका देत मागे सरकली. सुभेदार म्हणाले, "अजून म्होरं घ्या." खुर्ची पन्हाळीला टेकली. जयराजनं घड्याळ पाहिलं आणि शिडीवाल्या गड्यांना खूण केली. एका गड्यानं भीत भीत पाऊल टाकलं, आणि त्या पावलानं सिंहाला पुन्हा जाग आली.

"आकाराम… आकाराम…"

सुभेदारांचे ओठ हलले, पण ह्या वेळी त्यांनी दात आवळून धरले. मोघ्यांनी मनात मोजायला सुरुवात केली. एक. दोन. त्यांना चौथीचा वर्ग दिसला. पहिला बाक दिसला. तीन. चार. गुरुजी वर न पाहता फुली मारताना दिसले. पाच. त्या हजेरीपुस्तकातल्या लाल फुल्याही दिसल्या. चाळीसच्या वर होत्या. त्या माणसांनी ओ दिली नाही की पुकारणाऱ्याला ऐकू आली नाही, हे आता कोण सांगणार. सहा. सात. सुभेदारांचे डोळे मिटत चालले होते. आठ.

"आकाराम!"

हाक इतकी मोठी होती की परीक्षक बाईंच्या हातातून वही पडली. सगळ्यांनी आधी चारी सिंहांकडे पाहिलं. मग हळूहळू माना वळल्या. आवाज तोच होता, तीच जरब, तोच खर्ज, पण तो सिंहाच्या तोंडातून आलेला नव्हता. तो धोतराचा सोगा हातात धरून थरथरणाऱ्या सुमंत मोघ्यांच्या तोंडातून आला होता.

"ओ!" सुभेदार म्हणाले, आणि खुर्चीतून ताडकन उभे राहिले.

पाय लटपटले, बाळासोनं सावरलं. सुभेदारांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आली," ते म्हणत होते. "तिसरी आली. मानसाची हाय रं गड्यानू, मानसाचीच हाय."

मोघ्यांना वाटलं, आता आपल्याला मारणार. म्हणून मार पडायच्या आत त्यांनी खिशातला हजेरीचा कागद काढला आणि जे एकच काम त्यांना येत होतं ते करायला लागले. त्यांनी मोडी वाचून दाखवली. "आकाराम वल्द कृष्णात. राहणार जत. काम, खडी फोडणे. दुष्काळामुळे आला. हजर." मग आवाज खाली येत गेला. "सुभेदार, हे तुम्हाला बोलावत नव्हतं. एकशे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या आकारामाला बोलावत होतं."

सुभेदारांनी डोळे पुसले. "जत म्हनला?"

"जत."

"आमचं मूळ जतचंच हाय. पणजोबा मोठ्या दुस्काळात पोट घेऊन हिकडं आलं, असं आजा सांगायचा. त्यांचंच नाव मला ठिवलंय." ते कुंडाकडे वळले. त्यांनी त्या काळ्या दगडावर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग वरच्या संगमरवरी पाटीकडे पाहिलं. "म्हंजी दगूड आमच्या पणजानं फोडला, आनि जलम गेला आमचा ह्याला हारसन म्हनन्यात."

जयराजनं शिडीवाल्यांना लांब व्हायला सांगितलं. पण माणसं आता जवळ येत होती, आणि तेवढ्या पावलांनी सिंह पुन्हा बोलला, "अंजना… अंजना…" सगळ्यांनी मोघ्यांकडे पाहिलं. मोघ्यांनी बायकोकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि ओरडले, "अंजना!"

भाजीवाल्या गल्लीच्या तोंडाशी, मंगळवारी पिशवी टाकून पळालेल्या अंजनाबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि घाबरतच म्हणाल्या, "ओ." आणि मग, मोघ्यांनी 'सोबत तान्हं मूल' असं वाचल्यावर, त्या शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

जयराज वही उघडून मोघ्यांपुढे आला. काम कितीही पवित्र असलं तरी कागद पुरा व्हावा लागतो. "तर मग," तो घसा खाकरून म्हणाला, "सदरहू आवाजाचा मालक कोन?"

पुढचा शब्द आपल्याला माहीत आहे, तो आपण चौथीत रोज म्हणत होतो, हे मोघ्यांना आठवलं.

"सुमंत मोघे," ते म्हणाले. "हजर!"

तो शब्द समोरच्या गिरणीच्या भिंतीला लागून परत आला. बाळासोच्या दुकानातल्या बश्या किणकिणल्या. जयराजनं वहीत बरोबरची खूण केली. पद्मामामी साखरेच्या दोन वाट्या सांभाळत पुढे आल्या, आणि छत्तीस वर्षं ज्या बाईनं नवऱ्याला 'जरा मोठ्यानं बोला' ह्याशिवाय दुसरं काही सांगितलं नव्हतं, ती म्हणाली :

"अहो, हळू. ऐकू आलं सगळ्यांना."